एक सैनिक, पाच खजिने

23 मार्च 2024 रोजी 'आयएनएस कोलकाता' मुंबईच्या नौदल गोदीत लागली, तेव्हा तिच्यावर 35 सोमाली चाचे होते. आठवडाभर आधी, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटर दूर, 'रुएन' नावाचं पळवलेलं मालवाहू जहाज नौदलाने चाळीस तास घेरून धरलं होतं. हवाई दलाच्या सी-17 विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, जहाजावरचे 17 खलाशी सुखरूप सुटले आणि चाचे यलो गेट पोलिसांच्या ताब्यात आले. मुंबईला हे नवं नव्हतं. 2011 मध्ये नौदलाने निरनिराळ्या कारवायांत शंभराहून अधिक सोमाली चाचे पकडून इथेच आणले होते आणि त्यांचे खटले मुंबईच्या न्यायालयात वर्षानुवर्षं चालले.

त्या अटकेची किंमत सात भारतीय खलाशांनी मोजली. सप्टेंबर 2010 मध्ये 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज सोमाली चाच्यांनी पळवलं. पुढच्या एप्रिलमध्ये खंडणी मिळाली, जहाज सुटलं, पण सात भारतीयांना मात्र त्यांनी ठेवून घेतलं. आमची माणसं मुंबईत अडकली आहेत, ती आधी सोडा, अशी त्यांची अट होती. हे सात जण घरी यायला ऑक्टोबर 2014 संपत आला.

मुंबईतली एक कोठडी आणि सोमालियाचा उजाड किनारा एकाच दोरीच्या दोन टोकांना बांधलेले आहेत हे उमगल्यापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. ज्या देशात सरकारच उरलेलं नाही, तिथे सरकार उभं करायचं ठरवलं तर जग नेमकं काय करतं? पैसे कोण देतं, कुणाच्या हातात ठेवतं, आणि समुद्रात होडी लोटणाऱ्या त्या पोरापर्यंत त्यातलं काय पोहोचतं?

आधी सरकार नसणं म्हणजे काय, ते पाहू. जानेवारी 1991 मध्ये सियाद बारे हा हुकूमशहा राजधानी मोगादिशू सोडून पळाला आणि त्याच्यामागे राज्ययंत्रणा अक्षरशः विरघळली. कर गोळा करणारं कार्यालय नाही, पोलीस नाहीत, मध्यवर्ती बँक बंद. 1993-94 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय लष्कराची एक ब्रिगेड बैदोआ भागात होती; तीही मोहीम गुंडाळून सारे परतले. मग एक अशी गोष्ट घडली की ती वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. सोमाली शिलिंग छापणारी बँक बंद पडली, पण शिलिंग चालतच राहिला. व्यापारी आणि टोळीप्रमुख परस्पर नोटा छापून आणत राहिले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 2017 च्या अंदाजानुसार चलनात असलेल्या शिलिंगच्या नोटांपैकी सुमारे 98 टक्के बनावट होत्या. घेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्यालाही ठाऊक, तरी त्या नोटेवर चहा मिळत होता. मोठे व्यवहार डॉलरमध्ये आणि पुढे मोबाइलवरून होऊ लागले. सरकार गेलं तरी बाजार बसला नाही. आणि बाजार चालू असला तरी त्यातून सरकार आपोआप उगवत नाही, हेही त्याच देशाने दाखवून दिलं.

आता ब्रसेल्समध्ये जाऊ. तारीख 23 एप्रिल 2009, सोमालियासाठी भरलेली देणगीदार परिषद. एडनच्या आखातात आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळ तेव्हा जहाजांवर जहाजं पळवली जात होती. युरोपच्या युद्धनौका आदल्या डिसेंबरपासून आणि भारताच्या ऑक्टोबरपासून तिथे गस्त घालत होत्या. सभागृहात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून होते, आफ्रिकी महासंघाचे जाँ पिंग होते आणि सोमालियाचे नवे अध्यक्ष शेख शरीफ शेख अहमद होते. हे अध्यक्ष जानेवारीत निवडून आले होते तेही शेजारच्या जिबूतीत, कारण सोमालियाची संसद सोमालियात बसूच शकत नव्हती. चाचेगिरी हे जमिनीवरच्या अराजकाचं लक्षण आहे, मूळ दुखणं किनाऱ्यावर आहे, असं बान की-मून यांनी तिथे मांडलं. मागणी अशी होती: 6000 जणांचं सुरक्षा दल, 10,000 पोलीस, आणि मोगादिशूत आधीच लढत असलेल्या आफ्रिकी महासंघाच्या 'अमिसोम' या शांतिसेनेला बळ. अमिसोमला मंजुरी 8000 सैनिकांची होती, प्रत्यक्षात युगांडा आणि बुरुंडीचे मिळून जेमतेम सव्वाचार हजार उभे होते. संध्याकाळपर्यंत 21 कोटी 30 लाख डॉलरची आश्वासनं जमली. मागितलं त्याहून ही रक्कम जास्त होती.

अशी परिषद म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. लग्नमंडपात अहेराची वही घेऊन बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक देशाचा मंत्री व्यासपीठावर येतो, चार मिनिटं सहानुभूतीची बोलतो आणि शेवटच्या वाक्यात आकडा सांगतो. शेजाऱ्याने किती सांगितले ते सगळ्यांना ऐकू आलेलं असतं, म्हणून आकडा वाढतो. जाहीर परिषद भरवण्यामागचा हेतूच हा. बंद दाराआड मागितलं असतं तर मिळालं नसतं, ते चारचौघांत मिळतं. मानवी स्वभावाची ही पारख राजनैतिक व्यवहारात किती खोलवर मुरली आहे, याचं मला खरंच नवल वाटतं.

पण अहेराचं पाकीट तिथल्या तिथे हातात पडतं, इथे पडतो फक्त शब्द. ज्यांनी जिल्हा परिषदेत एखाद्या रस्त्यासाठी खेटे घातले आहेत त्यांना पुढचा मार्ग तोंडपाठ असेल: घोषणा, मग मंजुरी, मग निधी वितरित, मग खर्च. चारही टप्प्यांना लोक 'पैसे आले' असंच म्हणतात. देणगीदार परिषदेतला आकडा पहिल्या टप्प्याचा असतो. त्यात काही देशांनी गेल्या वर्षी सांगितलेलीच रक्कम पुन्हा मिसळलेली असते. काहींची तीन वर्षांची रक्कम एकत्र धरलेली असते. काहींनी रोख नव्हे तर तंबू, जीपगाड्या, प्रशिक्षण देऊ केलेलं असतं आणि त्याची किंमत त्यांनीच ठरवलेली असते. काही रक्कम अशा अटीवर की आमच्या संसदेने होकार दिला तर. हे सगळं बेरजेत एकाच रकान्यात बसतं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एकच आकडा छापून येतो.

ब्रसेल्सच्या परिषदेनंतर अवघ्या दोन आठवड्यांत अल-शबाब ही कट्टरपंथी सशस्त्र संघटना आणि तिच्या साथीदार गटांनी मोगादिशूवर चाल केली. शेख शरीफ यांच्या सरकारच्या हाती राजधानीतले काही मोजके भाग उरले. ब्रसेल्समध्ये जाहीर झालेला निधी तेव्हा कागदपत्रांच्या प्रवासात होता. गोळी आणि निधी यांच्या वेगात असा फरक आहे.

तो प्रवास इतका लांब का, याचं एक उत्तर लेखाशास्त्राच्या पुस्तकात दडलं आहे. श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना 'अधिकृत विकास मदत' कशाला म्हणायचं हे ठरवते. शाळा, दवाखाना, विहीर, धान्य हे त्यात मोजलं जातं. लष्कराला दिलेली शस्त्रं आणि साहित्य मोजलं जात नाही. म्हणजे एखाद्या देशाच्या विकासमंत्र्याने सोमालियाच्या सैनिकाच्या हाती बंदूक दिली तर त्या वर्षीच्या त्याच्या मदतीच्या हिशेबात ती रक्कम शून्य दिसणार. त्या मंत्र्याला विहीर खणायची आहे, पण विहिरीपर्यंत जायला रस्ता सुरक्षित नाही. रस्ता सुरक्षित करायला सैनिक हवा, आणि सैनिकावर खर्च करायची त्याला मुभा नाही. बहुतेक देशांत विकास आणि संरक्षण ही वेगळी खाती, वेगळे मंत्री, वेगळे नियम. विहीर एका खात्यात, विहिरीवरचा पहारेकरी दुसऱ्या खात्यात.

युरोपीय महासंघाने यातून वाट काढली ती पाहण्यासारखी आहे. 2004 मध्ये त्यांनी 'आफ्रिकन पीस फॅसिलिटी' नावाचा निधी उभारला आणि त्यात पैसा घातला तो विकासाच्याच तिजोरीतून. मात्र बंधन घातलं: या पैशातून शस्त्र नाही, दारूगोळा नाही, सैनिकाचा पगारही नाही. मग काय चालेल? भत्ता चालेल. या एका शब्दावर अमिसोम दीड दशक उभी राहिली.

त्या सैनिकाकडे नीट पाहू या. युगांडाच्या एखाद्या खेड्यातला तरुण मोगादिशूत वाळूच्या पोत्यांमागे उभा आहे. त्याचा मूळ पगार त्याच्या देशाचं सरकार देतं. महिन्याचा भत्ता, 1028 डॉलर, युरोपीय महासंघाकडून आफ्रिकी महासंघाकडे, तिथून युगांडाच्या सरकारकडे आणि काही कपात होऊन मग त्याच्याकडे येतो. त्याचं जेवण, पिण्याचं पाणी, गाडीतलं डिझेल, डोक्यावरचा तंबू संयुक्त राष्ट्रांनी खास या कामासाठी 2009 मध्ये काढलेलं एक कार्यालय पुरवतं. त्याचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांवर बसवलेल्या वर्गणीतून भागतो, म्हणजे त्या पाण्याच्या बाटलीत भारताचाही एक थेंब आहे. त्याची चिलखती गाडी आणि इथे येण्याआधीचं प्रशिक्षण यांत अमेरिकेचा मोठा वाटा. या चौघांच्या नियमांत न बसणाऱ्या उरल्यासुरल्या गरजांसाठी एक ऐच्छिक निधी, ज्यात ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा टाकायचं. एक सैनिक, पाच खजिने. प्रत्येक खजिन्याची कुलपं वेगळी, आर्थिक वर्षं वेगळी, हिशेब तपासणारे वेगळे. आणि हे सगळं एका माणसाच्या अंगावर येऊन जुळलं पाहिजे, तेही रोज, तेही गोळीबारात. ते बहुतेक दिवस जुळलं. ऑगस्ट 2011 मध्ये अल-शबाबला मोगादिशू सोडावं लागलं. 2013 नंतर या सेनेची मंजूर संख्या 22,126 पर्यंत गेली आणि युरोपीय महासंघाने तिच्यावर इतक्या वर्षांत 2 अब्ज युरोहून जास्त खर्च केले. माणसांनी बनवलेल्या गुंतागुंतीच्या यंत्रांच्या यादीत मी या व्यवस्थेला फार वरची जागा देईन.

अशा यंत्रात एक दाता मागे सरला तर काय होतं? जानेवारी 2016 पासून युरोपीय महासंघाने भत्त्यात 20 टक्के कपात केली. आफ्रिकेतल्या इतर संघर्षांसाठीही पैसा लागतो, हे कारण. 1028 चे सुमारे 822 डॉलर झाले. त्याच जानेवारीच्या 15 तारखेला सोमालियातल्या एल अड्डे इथल्या, शांतिसेनेत असलेल्या केनियाच्या सैनिकांच्या तळावर अल-शबाबने पहाटे हल्ला करून तो तळ उद्ध्वस्त केला. कपातीमुळे हल्ला झाला असं मी म्हणत नाही; त्याचा पुरावा नाही. पण ज्या महिन्यात सैनिकाचा भत्ता कमी झाला त्याच महिन्यात त्याचे सोबती मारले गेले, हे त्या सैनिकाला कुणी कसं समजावलं असेल? किती जण कामी आले हे केनियाने सांगितलं नाही. पूर्ण मोहिमेत किती आफ्रिकी सैनिक गेले याचे आकडे आफ्रिकी महासंघाने नियमित जाहीर केलेच नाहीत. मृताच्या कुटुंबाला 50,000 डॉलर भरपाई ठरलेली होती, तीही याच लांब वाटेने येणारी. डॉलरचा हिशेब दशांश चिन्हापर्यंत ठेवणाऱ्या व्यवस्थेत माणसांचा हिशेब जाहीर होऊ नये, ही गोष्ट मला टोचते.

बुरुंडीची कथाही याच भत्त्याची. 2015 नंतर तिथल्या सरकारने विरोधकांवर जो जुलूम केला त्यामुळे युरोपने ठरवलं की या सरकारच्या हातात पैसे द्यायचे नाहीत. पण बुरुंडीचे हजारो सैनिक सोमालियात लढत होते आणि त्यांचा भत्ता त्याच सरकारमार्फत जात होता. पैसे अडले, बुरुंडीने सैन्य काढून घेण्याची धमकी दिली, आणि अखेर व्यापारी बँकेतून परस्पर भत्ता देण्याचा तोडगा निघाला. मोगादिशूतल्या एका चौकीचं भवितव्य बुरुंडीच्या बुजुम्बुरा शहरातल्या रस्त्यावर ठरत होतं.

हे झालं बाहेरून आलेल्या सैनिकाचं. सोमालियाच्या स्वतःच्या सैनिकाची गोष्ट त्याहून बिकट. त्याचा पगार बराच काळ पोत्यात भरलेल्या रोकडीच्या रूपात येई. पोतं सेनापतीकडे, सेनापतीकडून तुकडीप्रमुखाकडे, आणि प्रत्येक टप्प्यावर ते हलकं होई. यादीत मेलेल्यांची, पळालेल्यांची आणि कधीच नसलेल्यांची नावं असत. ज्याला महिनोन्महिने पगार मिळाला नाही तो बंदूक विकतो. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी अशी शस्त्रं बाजारात पोहोचल्याचं आपल्या अहवालांत पुन्हा पुन्हा नोंदवलं. त्यात दात्यांनी आपापली सैन्यं वेगवेगळी घडवली. युरोपीय महासंघाने 2010 पासून आधी युगांडात आणि मग मोगादिशूत प्रशिक्षण दिलं. अमेरिकेने 'दनाब' ही कमांडो तुकडी उभारली. तुर्कस्तानने 2017 मध्ये मोगादिशूत मोठा लष्करी तळ उघडला आणि 'गोरगोर' तुकड्या घडवल्या. संयुक्त अरब अमिरातीने आपल्या सैनिकांना स्वतःच पगार दिला. एप्रिल 2018 मध्ये अमिरातीच्या एका विमानातून आलेली 96 लाख डॉलरची रोकड सोमाली अधिकाऱ्यांनी मोगादिशू विमानतळावर जप्त केली. हे सैनिकांचे पगार आहेत, असं अमिरातीचं म्हणणं होतं. वाद पेटला आणि तो प्रशिक्षण कार्यक्रम त्याच महिन्यात बंद पडला. ज्याचा पगार ज्याच्याकडून, त्याचा हुकूम त्याच्याकडून, हे शिवकाळातही ठाऊक होतं. म्हणून तर शिवाजी महाराजांनी वतनाऐवजी सरकारी खजिन्यातून रोख वेतन देण्यावर भर दिला. सोमालियाच्या सरकारने हाताचे ठसे घेऊन सैनिकांची नोंद करायला आणि पगार थेट खात्यात टाकायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या सैन्याला पहिल्यांदा एक मालक मिळू लागला. परिषदांच्या भाषणांपेक्षा त्या ठशांचं मोल मला जास्त वाटतं.

सुरक्षा आणि मदत ही दोन चाकं एकमेकांना कशी अडवू शकतात, याचं सर्वांत दुःखद उदाहरण 2011 चं आहे. 2008 मध्ये अमेरिकेने अल-शबाबला दहशतवादी संघटना ठरवलं. तिच्या हाती एक पैसाही पडला तर गुन्हा. पण दक्षिण सोमालियाचा बहुतेक भाग तिच्याच ताब्यात होता. तिथे धान्याचा ट्रक न्यायचा तर नाक्यावर काहीतरी द्यावंच लागे. मदत संस्था कचरल्या, अमेरिकेची मदत आटली. जानेवारी 2010 मध्ये अल-शबाबच्या धमक्या आणि मागण्यांपुढे जागतिक अन्न कार्यक्रमाने दक्षिणेतून काम थांबवलं. मग पाऊस फसला. दुष्काळाचा इशारा देणारे तज्ज्ञ 2010 च्या अखेरीपासून सांगत होते. निधी वाढला तो 20 जुलै 2011 रोजी संयुक्त राष्ट्रांनी दोन प्रांतांत भूकबळीचा दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केल्यानंतर. तोपर्यंत फार उशीर झाला होता. नंतरच्या अभ्यासाने काढलेला आकडा: सुमारे 2,58,000 मृत्यू, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. दुष्काळ जाहीर झाल्यानंतरच्या महिन्यांत अल-शबाबने अनेक मदत संस्थांना बंदीच घातली. दोन्ही बाजूंनी दार लावलं गेलं, मध्ये लेकरं होती.

2017 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा पैसा लवकर आला आणि बराचसा थेट मोबाइलवर कुटुंबांना गेला. त्या वेळी भूकबळीची वेळ टळली. चुकीतून शिकता येतं.

परिषदा होत राहिल्या. लंडन फेब्रुवारी 2012 मध्ये: आदल्याच दिवशी सुरक्षा परिषदेने शांतिसेनेची मर्यादा 17,731 वर नेली आणि सोमालियातून कोळसा आयात करण्यावर बंदी घातली, कारण बाभळीच्या जातीची झाडं तोडून आखाती देशांत पाठवलेल्या त्या कोळशावर अल-शबाब पोसली जात होती. इस्तंबूल, पुन्हा लंडन. सप्टेंबर 2013 मध्ये पुन्हा ब्रसेल्स, तिथे 1.8 अब्ज युरो जाहीर झाले. 2017 मध्ये परत लंडन. प्रत्येकीचा तपशील इथे देत नाही. सभागृह बदललं तरी वहीची पद्धत तीच.

या सगळ्या सभागृहांत ज्यांचा सर्वांत मोठा वाटा होता ते मात्र व्यासपीठावर कधी आले नाहीत. परदेशात राहणारे सोमाली: मिनियापोलिसमधली परिचारिका, लंडनमधला टॅक्सीचालक, नैरोबीचा दुकानदार. जागतिक बँकेच्या 2015 च्या सुमाराच्या अंदाजाने ते घरी पाठवत असलेली रक्कम वर्षाला 1.4 अब्ज डॉलर होती, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास चौथा हिस्सा आणि परदेशी मदतीहून मोठी. हा पैसा हवाल्याने जातो. आपल्याकडच्या हुंडीचा भाऊबंदच तो. ओळख, शब्द आणि कुळाची लाज, यांवर चालणारा. जाहीर झालेलं आणि पोहोचलेलं यांत इथे अंतर नसतं, कारण पाठवणाऱ्याची आई पलीकडे फोन धरून बसलेली असते. आणि याच वाहिनीवर सुरक्षेच्या नावाने दोनदा घाव घातला गेला. नोव्हेंबर 2001 मध्ये अमेरिकेने अल-बरकात ही सर्वांत मोठी हवाला कंपनी बंद पाडली. 2013 मध्ये ब्रिटनमध्ये बार्कलेज बँकेने अशा कंपन्यांची खाती बंद करायला घेतली. दहाबशील या कंपनीला न्यायालयात जाऊन ही कारवाई थोपवावी लागली. एका हाताने परिषदेत देणं आणि दुसऱ्या हाताने आईच्या फोनपर्यंतची वाट अडवणं, हे त्याच देशांत घडलं.

एक परिणाम मात्र असा आहे की ज्याबद्दल मी या राजनैतिक व्यवहाराला मनापासून मान देतो. तो आहे कर्जमाफीचा. सियाद बारेच्या काळातलं कर्ज सरकार कोसळल्यावर कुणी फेडलं नाही, व्याज आणि थकबाकी चढत राहिली आणि 2018 पर्यंत बोजा 5 अब्ज डॉलरच्या वर गेला. थकबाकीदाराला जागतिक बँक नवं कर्ज देत नाही आणि नवा पैसा मिळाल्याशिवाय थकबाकी फिटत नाही. हा पेच कसा सोडवला ते ऐकून आपल्या विकास सोसायटीच्या कोणत्याही शेतकऱ्याला हसू येईल, कारण दर मार्चअखेर तो हेच करतो. उसनवारी करून सोसायटीचं जुनं कर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं, आणि त्यातून उसने परत करायचे. नवं-जुनं! मार्च 2020 मध्ये, महासाथीने जग बंद होत असताना, सोमालियाचं नवं-जुनं झालं. जागतिक बँकेची थकबाकी नॉर्वेने अल्पकाळासाठी पुढे केलेल्या पैशातून फिटली, आफ्रिकी विकास बँकेची ब्रिटन आणि युरोपीय महासंघाच्या मदतीने, नाणेनिधीची इटलीच्या. मग सोमालियाला सुधारणांची कसोटी लागली: करवसुली, हिशेब, कायदे. 13 डिसेंबर 2023 रोजी ती पूर्ण झाली आणि सुमारे 4.5 अब्ज डॉलरचं कर्ज माफ झालं. 2018 मध्ये बाहेरचं कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या 64 टक्के होतं, ते 2023 अखेर 6 टक्क्यांच्या खाली आलं. त्याच डिसेंबरच्या पहिल्या तारखेला 1992 पासूनची शस्त्रबंदीही उठली. यात छायाचित्र काढण्यासारखं काही नव्हतं, पण एक राष्ट्र पुन्हा जगाच्या खातेवहीत आलं.

सोमालियाचं स्वतःचं महसुली उत्पन्न 2023 मध्ये 33 कोटी डॉलरच्या आसपास होतं. देश चालवायला ते फार तोकडं होतं; अर्थसंकल्पाचा निम्म्याहून मोठा हिस्सा तेव्हाही दात्यांवर होता. तरी माझं मत स्पष्ट आहे: ब्रसेल्समध्ये जाहीर झालेल्या दहा डॉलरपेक्षा मोगादिशू बंदरातल्या जकातीत जमा झालेला एक डॉलर मोलाचा. तो पुढच्या वर्षीही येतो, आणि तो देणारा व्यापारी त्याचा जाब विचारतो.

त्यानंतरची स्थिती मात्र चांगली नव्हती. 1 जानेवारी 2025 पासून शांतिसेनेचं नाव 'ऑसोम' झालं, पण तिचा खर्च कोण देणार हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. डिसेंबर 2023 च्या ठरावानुसार अशा आफ्रिकी मोहिमांचा 75 टक्क्यांपर्यंत खर्च संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीतून करता येतो. सोमालियासाठी तो लागू करायला अमेरिकेने विरोध केला आणि नव्या मोहिमेच्या ठरावावर ती तटस्थ राहिली. अमेरिकेची यूएसएड ही मदत संस्था 2025 मध्ये मोडीत निघाली. सैनिकांचे भत्ते महिनोन्महिने थकले. त्या वर्षी या खजिन्यांची दारं मिटू लागली, आणि 'रुएन'सारखी जहाजं पुन्हा पळवली जाऊ लागली ती 2023 च्या अखेरीपासून.

तेव्हा एक विनंती. 'अमुक देशासाठी जगाने इतके अब्ज डॉलर देऊ केले' अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा तो आकडा आणि ती तारीख कुठेतरी लिहून ठेवा. वर्षभराने त्यातले किती पोहोचले ते शोधा, आणि ज्या वर्तमानपत्राने पहिला आकडा छापला त्याला दुसराही छापायला सांगा.